पीएस५ स्लिम: डिस्कवाला घ्यावा की डिजिटल?

एप्रिल २०२४ मध्ये सोनीचा गेमिंग कन्सोल पीएस५ स्लिम (प्लेस्टेशन ५ चं सडपातळ रूप) भारतात आला, तेव्हा डिस्क ड्राइव्हवाल्या मॉडेलची किंमत होती ५४,९९० रुपये आणि ड्राइव्ह नसलेल्या, गेम डाउनलोड करूनच खेळायच्या डिजिटलची ४४,९९०. प्रोसेसर, ग्राफिक्स, गेम साठवणारी १ टीबी एसएसडी, सगळं दोन्हींत सारखंच. वरचे दहा हजार नुसत्या ड्राइव्हचे. तरीही डिस्कवालाच घ्या.

सोनीचे मोठे गेम ४,९९९ रुपयांना येत आलेत. डिजिटल गेम खात्याला चिकटतो. खेळून संपला तरी विकता येत नाही, आणि तो घ्यायचा तर सोनीचं ऑनलाइन दुकान, प्लेस्टेशन स्टोअर, सांगेल त्या भावाने. डिस्क मात्र सेकंडहँड मिळते आणि पुन्हा विकली जाते. एका डिस्कमागे दोन हजार सुटले तरी पाच गेममध्ये फरक वसूल. आधीच्या कन्सोलच्या, पीएस४च्या, जुन्या डिस्कही चालतात. जागा मात्र वाचत नाही: गेम एसएसडीवर उतरतोच, वर खेळताना डिस्क आत लागते.

डिजिटल घेऊन ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच.

समोर स्वस्त पर्याय म्हणून मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस उभा आहे. २०२०मध्ये तो ३४,९९०ला आला. पण ५१२ जीबीपैकी हाती येतात ३६४, ड्राइव्ह नाही, आणि नवे गेम थेट जिथून चालतील अशी जागा वाढवायची तर त्याच्यासाठीचं खास एक्सपान्शन कार्डच घ्यावं लागतं. तीन-चार मोठे गेम टाकले की जागा संपली.

पीएस५मध्ये जागा वाढवायला साधी बाजारातली एम.२ एसएसडी (कॉम्प्युटरमध्ये बसते ती पट्टीसारखी) चालते. ती जेन४ची (चौथ्या पिढीची) हवी, वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक हवाच आणि त्यासकट जाडी ११.२५ मिमीच्या आत. इथेच लोक फसतात: उंच हीटसिंक घेतात आणि स्लॉटचं झाकण बसत नाही. बसवायची अशी: प्लग काढा, बाहेरचं पॅनल काढा, स्लॉटच्या झाकणाचा स्क्रू सोडा, स्पेसर (एसएसडीला टेकू देणारा छोटा तुकडा) एसएसडीच्या लांबीच्या खाचेत हलवा, मग एसएसडी तिरकी घालून दाबा आणि स्क्रू लावा. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट विचारतो.

किंमत उतरेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. पीएस४ काळानुसार स्वस्त होत गेला, पीएस५चं उलट झालं. पीएस५ २०२१मध्ये ४९,९९०ला होता, नोव्हेंबर २०२२मध्ये ५४,९९० झाला. थांबायचंच तर दिवाळीच्या सवलतीपुरतं थांबा.