एक रुग्णालय, दोन मजले: नवी मुंबईतील शुश्रूषासेवेविषयी अभिप्राय

हा अभिप्राय नवी मुंबईतील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या शुश्रूषासेवेविषयी आहे. रुग्णालयाचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण येथे नोंदवलेल्या बहुतेक त्रुटी वाशीपासून पनवेलपर्यंतच्या अनेक रुग्णालयांत कमीअधिक प्रमाणात सापडतील, आणि नावापेक्षा त्या कशा ओळखाव्यात हे वाचकांना अधिक उपयोगी पडेल.

माझ्या सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. घरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. परंतु दाखल करताना रक्तातील सोडियम बरेच खाली गेलेले आढळल्यामुळे शस्त्रक्रिया लगेच करता येईना. त्यामुळे आधी त्यांना मेडिकल वॉर्डच्या मजल्यावर ठेवण्यात आले, सोडियम सावकाश वर आणण्यात आले आणि शस्त्रक्रियेनंतर त्या ऑर्थोपेडिकच्या मजल्यावर आल्या. डॉक्टर तेच, खोलीचे दर तेच, औषधांचे दुकान तेच आणि बिलात दररोज लागणारा ‘नर्सिंग चार्जेस’चा आकडाही तोच होता. शुश्रूषा मात्र दोन वेगळ्या रुग्णालयांतील वाटावी इतकी भिन्न होती.

मेडिकलच्या मजल्यावर सकाळी आठची औषधे येईपर्यंत अनेकदा दहा वाजत. घंटा वाजवल्यावर कोणी येईल, पण केव्हा येईल ते सांगता येत नसे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाही तर पाठीला व टाचांना जखमा होतात, हे तेथील प्रत्येक सिस्टरला ठाऊक होते आणि तक्त्यावर तशी नोंदही दिसत असे. प्रत्यक्षात रात्री अकरानंतर पहाटेपर्यंत कूस बदलण्याचे काम मी आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाची मुलगी मिळून करत होतो. मोडलेल्या खुब्याच्या रुग्णाला वळवायला दोन जाणकार माणसे लागतात. तीसच्या आसपास खाटांच्या त्या मजल्यावर रात्री दोनच सिस्टर असत, आणि त्यांतली एक बहुधा कोणाच्या तरी सलाईनपाशी किंवा संगणकापाशी अडकलेली असे.

एवढ्यावरून ‘सिस्टर उद्धट आहेत, लक्ष देत नाहीत’ असा अभिप्राय सहज लिहिता आला असता, आणि या रुग्णालयाविषयी तसे अभिप्राय इंटरनेटवर पुष्कळ आहेत. परंतु मेडिकलच्या मजल्यावर ज्या सिस्टर तुटक उत्तरे देत, त्यांनाच एका रात्री ऑर्थोच्या मजल्यावर रजेवर गेलेल्या सहकारी सिस्टरच्या जागी पाठवण्यात आले. त्या रात्री त्यांनी सासूबाईंना ‘आजी, आता हळूच डाव्या कुशीवर जायचं हं’ असे म्हणत दुसऱ्या सिस्टरच्या मदतीने वळवले, पायांमध्ये उशी नीट ठेवली, टाचा तपासल्या आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाविषयी मी विचारलेल्या प्रश्नाला उभे राहून, पूर्ण उत्तर दिले. स्वभाव, शिक्षण आणि पगार तोच असताना बदलली होती ती फक्त कामाची जागा. त्यानंतर मी दोन्ही मजल्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागले.

पहिला फरक माणसांच्या संख्येचा होता. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये असे दाखवले की, प्रत्येक परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते, आणि परिचारिका कामाने पार पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रत्येक पाळीतील रुग्णांची कमाल संख्या बांधून दिली. तेथील सर्वसाधारण मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून एका परिचारिकेकडे पाचपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्या मेडिकलच्या मजल्यावर रात्री तोच आकडा पंधराच्या घरात होता. ऑर्थोच्या मजल्यावरही पाच नव्हता, पण निम्म्याने कमी होता. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेवर जाणाऱ्यांच्या बदलीसाठी तीस टक्के जादा परिचारिका धरलेल्या आहेत. येथे ती तरतूद मेडिकलच्या मजल्यावरून सिस्टर उचलून दुसरीकडे पाठवून भागवली जात होती, आणि मागे राहिलेल्या एकीवर संपूर्ण मजला पडत होता.

केवळ संख्येवर सगळे ढकलले तर मात्र अन्याय होईल, कारण दिवसपाळीत दोन्ही मजल्यांवरील संख्येत फारसे अंतर नव्हते आणि तरीही काम वेगळे होत होते. मेडिकलचा मजला लांबट आहे. नर्सिंग स्टेशन एका टोकाला, साहित्याची खोली दुसऱ्या टोकाला. कापूस, सिरिंज, मूत्राची पिशवी अशा प्रत्येक वस्तूसाठी सिस्टरला बोळ ओलांडावा लागतो. वॉर्डबॉय, म्हणजे ‘मामा’, दोन मजल्यांसाठी एकच असल्यामुळे तळमजल्यावरील फार्मसीतून औषधे आणायला कित्येकदा सिस्टरच लिफ्टची वाट पाहत उभ्या दिसत. सकाळी औषधांच्या वेळीच डिस्चार्जचे कागद, विमा कंपनीच्या मंजुरीसाठी लागणारी माहिती आणि औषधांची मागणी संगणकावर चढवण्याचे काम त्यांच्याकडे असे, आणि बिलिंग विभागाचे फोनही त्यांनाच येत. आठची औषधे दहाला मिळण्याचे कारण येथे होते. ऑर्थोच्या मजल्यावर स्टेशन मध्यभागी आहे, दर काही खोल्यांमागे साहित्याची ट्रॉली उभी असते आणि डिस्चार्जची कागदपत्रे एका स्वतंत्र कारकुनाकडे आहेत. औषधे देणारी सिस्टर लाल रंगाचा अंगरखा घालते; त्यावर ‘औषधे देणे चालू आहे, कृपया थांबा’ असे छापलेले आहे. प्रारंभी हा दिखाऊपणा वाटला. परंतु औषध मोजत असताना तिला कोणी हाक मारत नाही, डॉक्टरही नाहीत, हे दिसल्यावर त्याचा उपयोग पटला. पोटॅशियम किंवा इन्सुलिनसारखे औषध देण्यापूर्वी दुसरी सिस्टर येऊन मात्रा पडताळत असे. मेडिकलच्या मजल्यावर रात्री ही दुसरी सिस्टर आणायची कोठून, हा प्रश्नच होता.

पाळीबदलाची रीतही सांगण्यासारखी आहे. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ या वेळांना हँडओव्हर होतो. ऑर्थोच्या मजल्यावर दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर खाटेपाशी येत. जाणारी सिस्टर रुग्णासमोर सांगे की लघवी किती झाली, वेदनाशामक शेवटी केव्हा दिले, ड्रेसिंग ओले आहे की कोरडे. सासूबाई मध्येच ‘अगं, रात्री मला मळमळलं होतं, तेही सांग’ अशी भर घालत आणि ती लिहून घेतली जाई. मेडिकलच्या मजल्यावर हाच व्यवहार स्टेशनवर, वहीतून वाचून, घाईने उरकला जात असे. एकदा सोडियमच्या तपासणीसाठी संध्याकाळी घ्यायचे रक्त त्यातच राहून गेले. सोडियम ठरावीक वेगापेक्षा भरभर वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून ती तपासणी वेळच्या वेळी होणे महत्त्वाचे असते. पुढे घडले त्यात दोन मजल्यांमधील सर्वांत मोठे अंतर दिसले. रक्त घ्यायचे राहिले हे मेडिकलच्या मजल्यावरील नव्या सिस्टरने मला दबक्या आवाजात सांगितले आणि ‘इनचार्जना सांगू नका’ अशी विनंती केली, कारण तेथे चूक कळली की खुलासा लिहून द्यावा लागतो आणि तो वैयक्तिक फाइलला लागतो. ऑर्थोच्या मजल्यावर एक गोळी उशिरा दिली गेली तेव्हा सिस्टरने स्वतःच फॉर्म भरला, इनचार्जना बोलावले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गोळीची वेळ जेवणाच्या गर्दीतून बाहेर काढण्यात आली.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांतील औषधचुकांच्या अभ्यासात वरवर विचित्र वाटणारी गोष्ट आढळली होती: ज्या वॉर्डांचे नेतृत्व चांगले होते तेथे चुकांची नोंद अधिक होती. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तेथे चुका लपवल्या जात नव्हत्या. आमच्या रुग्णालयाने केवळ नोंदवलेल्या चुकांचा तक्ता पाहिला, तर मेडिकलचा मजला अधिक निर्दोष दिसेल.

मजल्याच्या इनचार्ज सिस्टरांचा वाटा यात फार मोठा आहे. एका रुग्णाच्या मुलाने मेडिकलच्या मजल्यावर मोठ्याने शिवीगाळ केली तेव्हा सुरक्षारक्षक उशिरा आला आणि प्रकरण मिटावे म्हणून सिस्टरलाच माफी मागायला सांगण्यात आले. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे, आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद सांगणारा फलक त्याच बोळात लावलेला आहे. माफी मागून आलेली ती सिस्टर नंतर तासभर कोणाच्याही खोलीत आवश्यकतेपेक्षा क्षणभर अधिक थांबली नाही. ऑर्थोच्या मजल्यावर असाच एक वाद झाला. तेथे इनचार्जनी सिस्टरला मागे केले, नातेवाइकांना स्वतःच्या टेबलापाशी बसवले आणि आवाज खाली येईपर्यंत स्वतः बोलत राहिल्या.

रात्रपाळी दोन्ही मजल्यांवर आठ ते आठ, म्हणजे बारा तासांची आहे आणि हा दोष संपूर्ण रुग्णालयाचा आहे. पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे अमेरिकी परिचारिकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. हँडओव्हर लांबला की येथील रात्रपाळी त्या मर्यादेपाशी सहज पोहोचते. त्यानंतर घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या भाड्याच्या खोलीपर्यंतचा ट्रान्सहार्बर लोकलचा गर्दीतला प्रवास उरतोच. बहुतेक सिस्टर पंचविशीच्या आतबाहेरच्या, लातूर, नांदेड, सांगलीकडच्या किंवा केरळातल्या. तीन-चार जणी मिळून गावठाणात खोली घेऊन राहतात. मेडिकलच्या मजल्यावर त्यांना बसून डबा खायला जागा नाही. चादरींच्या खोलीत उभ्याउभ्या घास घेताना मी त्यांना पाहिले आहे. ऑर्थोच्या मजल्यावर दार लागणारी छोटी खोली आणि पाण्याचे यंत्र आहे. खर्चाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे, पण रात्री तीन वाजता वीस मिनिटे पाय वर करून बसलेली सिस्टर पहाटे पाचचे रक्तदाब जागेपणी मोजते.

पगाराविषयी मला फार खोलात जाता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये मासिक वेतन असावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते शासकीय वेतनाइतके असावे, अशी शिफारस केली होती. येथील किती जणींना त्याप्रमाणे मिळते ते मी विचारले नाही. शासकीय भरतीची किंवा आखाती देशांतील परवाना परीक्षेची पुस्तके मात्र स्टेशनच्या खणात दिसली, मेडिकलच्या मजल्यावर अधिक. अनुभवी सिस्टर गेली की तिच्या जागी नुकतीच उत्तीर्ण झालेली मुलगी येते, आणि तिला शिकवायला वेळ असलेली सिस्टर तेथे उरलेली नसते.

घरी सोडताना एक क्यूआर कोड दिला जातो. त्यात ‘नर्सिंग स्टाफ हसतमुख होता का?’ असा प्रश्न आणि पाच चेहरे आहेत. सिस्टरचे नावही विचारले जाते. रात्री किती खाटांमागे एक सिस्टर होती, घंटेनंतर किती वेळाने कोणी आले, औषध वेळेवर मिळाले का, यांपैकी काहीच विचारलेले नाही. त्या चेहऱ्यांवरून एखाद्या सिस्टरच्या वेतनवाढीचा निर्णय होत असेल, तर तो चुकीच्या व्यक्तीच्या नावावर जमा होतो. मी नाव लिहिले नाही. त्याऐवजी दोन मजल्यांची तुलना लिहून गुणवत्ता विभागाकडे दिली. पोच मिळाली आहे.

ज्यांना तेथे किंवा अशाच कोणत्याही रुग्णालयात रुग्ण दाखल करायचा आहे, त्यांनी खोलीचे भाडे विचारतानाच रात्रपाळीत त्या मजल्यावर खाटा किती आणि नोंदणीकृत परिचारिका किती, हेही विचारावे; नर्सिंग चार्जेस आपण भरतो, त्यामुळे हा प्रश्न गैर ठरत नाही. पाळीबदलाच्या वेळी खाटेपाशी थांबावे, हँडओव्हर कोठे होतो ते पाहावे. सिस्टर औषधे काढत असताना तिला हाक मारू नये, अंगरखा असो वा नसो.

ठरवून करायच्या हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मी या रुग्णालयात पुन्हा जाईन. ऑर्थोच्या मजल्याला पाचपैकी साडेचार गुण, अर्धा गुण बारा तासांच्या रात्रपाळीसाठी कापला आहे. मेडिकलच्या मजल्याला दोन गुण देते. रात्री तिसरी सिस्टर नेमली आणि डिस्चार्जचे कागद दुसऱ्या कोणाकडे दिले, तर त्याच सिस्टरांच्या हातून तो आकडा वर जाईल. तोपर्यंत तेथे रुग्ण ठेवायची वेळ आली, तर रात्री घरचे एक माणूस सोबत असू द्यावे आणि कूस बदलण्याची पद्धत दिवसाच्या सिस्टरकडून आधीच शिकून घ्यावी.