एमएस्सीच्या प्रकल्पाला एनडीआय घ्यावा की पीडीआय?

बडोद्यात एका सत्रात रेणू बनवून त्याची सायक्लिक व्होल्टॅमेट्रीही (व्होल्टेज वरखाली फिरवत रेणू इलेक्ट्रॉन कधी घेतो ते मोजणं) उरकायची असेल, तर नॅप्थलीन डायइमाइड, म्हणजे एनडीआय घ्या. त्याचा मोठा भाऊबंद पेरिलीन डायइमाइड, म्हणजे पीडीआय, गडद लाल रंग आणि झळाळता फ्लुरोसन्स यांसाठीच निवडावा.

पहिल्या रिडक्शनच्या, म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन घेण्याच्या, आकड्यावर भुलू नका. डायक्लोरोमिथेन या द्रावकात, फेरोसीन या संदर्भ-संयुगाच्या तुलनेत, दोघांचंही ते -1.1 व्होल्टच्या आसपासच येतं. फरक पडतो दुसऱ्या इलेक्ट्रॉनला: एनडीआयला साधारण -1.5, पीडीआयला -1.3. पेरिलीनचा सांगाडा मोठा असल्यानं दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून लांब राहतात. एनडीआयच्या आलेखातल्या दोन लाटा चांगल्या सुट्या दिसतात, वाचायला सोप्या.

खरा फरक फ्लास्कमध्ये आहे. एनडीआयसाठी 1 ग्रॅम नॅप्थलीनचं डायअनहायड्राइड (सुरुवातीचं संयुग), 1.5 मिली 2-इथिलहेक्झिलअमाइन, 15 मिली कोरडं डीएमएफ (द्रावक). नायट्रोजनखाली 120 अंशांवर रात्रभर. मेथॅनॉलमध्ये ओता, गाळा, मग सिलिकाचा कॉलम. डीएमएफ जुनं असेल तर त्यातलं डायमिथिलअमाइन अनहायड्राइडला जोडतं. ते सेकंडरी अमाइन, नायट्रोजनवर एकच हायड्रोजन असलेलं, त्यामुळे इमाइडचं वलय बंदच होत नाही आणि उतारा घसरतो.

पेरिलीनचं डायअनहायड्राइड कशातच धड विरघळत नाही. ते वितळलेल्या इमिडॅझोलमध्ये, थोडं झिंक अ‍ॅसिटेट घालून, 160 ते 180 अंशांवर तापवावं लागतं. इमिडॅझोल उडून कंडेन्सरमध्ये पांढरं साचतं आणि वाट बुजवतं, म्हणून रुंद एअर कंडेन्सरच लावा. नंतर 2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून गाळा. उरलेलं डायअनहायड्राइड काढायला पावडर गरम पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणानं धूत राहा. गाळलेलं पाणी यूव्ही दिव्याखाली चमकायचं थांबलं की झालं. आखूड सरळ साखळीचं अमाइन वापरलंत तर पीडीआय एनएमआर या रचना-तपासणीपुरतंही विरघळणार नाही. 6-अनडेसिलअमाइनसारखी दुभंगलेली शेपटी हवी, आणि ती महाग पडते.

गाभ्यावर सायनो गट बसवले तर रिडक्शन आणखी सोपं होतं, पण त्यासाठी सायनाइड हाताळावं लागतं. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत तो मार्ग नकोच.

मोजणी मे महिन्यात असेल तर एक लक्षात ठेवा: डायक्लोरोमिथेन 40 अंशांनाच उकळतं. आरगॉन थेट सेलमध्ये सोडलात तर द्रावण आटून प्रवाहाचे आकडे चढत जातात. आरगॉन आधी डायक्लोरोमिथेनच्या बाटलीतून फिरवून आणा. बुडबुडे टाळून मात्र चालणार नाही, ऑक्सिजनची लाट नेमकी तुमच्या लाटांच्या मध्ये येऊन बसते. फेरोसीन सगळ्यात शेवटी घाला.