लांडग्याच्या नावाखाली 35,750 रुपयांना गंडा, सावध राहा

'रेस्क्यू केलेला लांडगा' असा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि खाली क्यूआर कोड असला, तर एक रुपयाही पाठवू नका. माझे 35,750 गेले. 1,100 खाण्याचे, 6,750 पायाच्या ऑपरेशनचे, 18,500 पिंजरा आणि टेम्पोचे, आणि शेवटी 9,400 'एनओसीची सरकारी फी'. सरकारी फी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही, हे लक्षात ठेवा.

फोनवरच्या भामट्याने रचलेली गोष्ट अशी: एका फार्महाउसवाल्याने पिल्लू पाळलं, मोठं झाल्यावर आवरेना म्हणून साखळीला बांधून ठेवलं. आई लांडगीण, बाप गावठी कुत्रा. "ताई, संकरित आहे, माळावर सोडता येत नाही. वनखात्याच्या हाती लागला तर मारून टाकतील. आपल्या अभयारण्यात जागा आहे, फक्त खर्चाचं बघा."

माझं माहेर इंदापूरकडचं. माळावरचे लांडगे लहानपणापासून पाहिलेत. पुणे जिल्ह्यात लांडग्या-कुत्र्याचा संकर होतोय हे 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, तेही वाचलं होतं. म्हणजे त्याच्या बोलण्यात निम्मं खरंच होतं. 'शिकलेली असून कशी फसलीस' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि तो व्हिडिओ. आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मे महिना, आणि जनावर केसाळ, पांढुरकं, मानेभोवती आयाळीसारखे दाट केस. आपला लांडगा उन्हाळ्यात सडसडीत, मातकट रंगाचा दिसतो. डोळे निळे. पिल्लांचे असतात निळे, पण वाढलेल्या लांडग्याचे पिवळे होतात. मी विचारलंसुद्धा. तो लगेच म्हणाला, "हस्कीचं रक्त आहे ना ताई." काल बाप गावठी होता, आज हस्की, म्हणजे परदेशी जातीचा कुत्रा, कुठून आला? हे तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण पाय सडतोय, डॉक्टर थांबलेत, असे एकामागून एक फोन चालू होते. जाळीच्या बुडाशी झाडाच्या सुयांसारख्या तपकिरी पानांचा थर होता, मला वाटलं सुरूची झाडं असतील. ते पाइन होतं. परदेशातल्या कुठल्या तरी खऱ्या अभयारण्याचा व्हिडिओ उचलला होता.

पावतीवर 80जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं कलम, छापलं होतं. पॅनचं चौथं अक्षर बघत जा: ट्रस्टचं असेल तर 'टी', कंपनीचं असेल तर 'सी'. माझ्या पावतीवर 'पी' होतं, म्हणजे एका माणसाचं पॅन.

पोलीस ठाण्यात गेले. "लांडगा आहे ना? मग वनखात्यात जा." वन कार्यालयात गेले. "प्राणीच नाही तर जप्त काय करणार? पैशाचं पोलीस बघतात." बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलाय, मॅडम." परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी वाचून दाखवलं, त्यावर एकाने विचारलं, "दानच दिलं होतं ना, मग तक्रार कसली?" दान लांडग्यासाठी दिलं होतं, त्या माणसाच्या खिशासाठी नाही! अर्ज घेतला, पोच दिली नाही. एवढ्या टेबलांवर एवढी माणसं पगार घेतात, आणि एकालाही तो यूपीआय आयडी कुणाचा हे शोधावंसं वाटलं नाही. तुम्ही ठाण्यात जाण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. लगेच कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येतात. आणि पोच मागून घ्याच.

लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. खासगी माणूस तो ठेवू शकत नाही, कुणाला दत्तकही देऊ शकत नाही. कायमचा ठेवायचा तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. ते पत्र मागा. मी तिसऱ्या हप्त्यानंतर मागितलं, तर "साहेबांकडे सहीला आहे."

तोच व्हिडिओ आता अहिल्यानगरच्या नावाने फिरतोय. पहिली मागणी 1,100 वरून 2,100 झाली आहे.