समुपदेशन केंद्र, गंगापूर रोड, नाशिक : आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही एका शरीरात चौघे राहतो. अशा समूहाला 'सिस्टीम' म्हणतात आणि त्यातील प्रत्येकाला 'हेडमेट'. आमच्यातील एक जण कादंबरीतून आलेला, म्हणजे 'फिक्टिव्ह' आहे. तो खलाशी आहे. कादंबरीचे नाव त्याच्या इच्छेनुसार येथे देत नाही. बंदरावर मागे राहिलेल्या धाकट्या बहिणीची त्याला अशी ओढ लागते की गोदावरीला पाणी चढले की तो तासन्‌तास खिडकीशी बसून राहतो आणि बाकी तिघांची कामे खोळंबतात. पुस्तक जिथे संपले तिथे ती जिवंत होती. पुढे तिचे काय झाले, हे सांगणारे कोणीच नाही.

या केंद्रात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. आमच्या आजीचे २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने निधन झाले आणि तिचे अंत्यदर्शनही आम्हाला मिळाले नाही, एवढे कळताच तेथील तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की खलाशाची बहीण म्हणजे वेष पालटून आलेली आजीच आहे आणि आजीसाठी रडून घेतले की बहीण आपोआप विरून जाईल. तसे काही झाले नाही. खलाशी गप्प झाला आणि पुढचे चार महिने बोलला नाही.

येथील मॅडमनी पहिल्याच भेटीत जे केले, त्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. मराठीत 'मी' म्हणून भूतकाळ बोलायचा म्हटले की बऱ्याचदा लिंग लपत नाही. मी 'आले' म्हणते, तो 'आलो' म्हणतो. पंचवीस मिनिटे मी बोलत होते आणि मध्येच एक वाक्य "मी घाईत निघालो, तिला सांगितलंच नाही" असे आले. मॅडमनी वहीतून मान वर केली, क्षणभर थांबून "नमस्कार, तुमची आणि माझी ओळख व्हायची आहे," असे म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. 'तुम्ही' हा शब्द एकालाही चालतो आणि अनेकांनाही, याचा इतका उपयोग होईल असे आम्हाला तोवर वाटले नव्हते.

बहीण खरी की खोटी, हा वाद त्यांनी कधीच घातला नाही. त्याने एकदा थेट विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते, "मी त्या बंदरावर गेलेले नाही, त्यामुळे मी साक्ष देऊ शकत नाही. पण आठवण तुमच्याजवळ आहे आणि तिचं ओझं मला इथे बसून दिसतंय." अमेरिकेतील कुटुंब-अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना मांडलेली 'संदिग्ध वियोगा'ची कल्पना त्यांनी आम्हाला समजावून सांगितली. माणूस गेला हे निश्चित कळत नाही, निरोप होत नाही, म्हणून दुःखाला काठ सापडत नाही. आजीचे जाणे निश्चित आहे, फक्त निरोप राहिला. बहिणीच्या बाबतीत मात्र दोन्ही अधांतरी आहे. ही दोन दुःखे शेजारी ठेवायची, एकात कालवायची नाहीत, हे त्यांनी आठ महिने कसोशीने पाळले.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला काकांबरोबर आम्ही रामकुंडावर गेलो होतो. काका आजीसाठी तर्पण करत होते. जे बांधव आहेत, जे नाहीत आणि जे दुसऱ्या एखाद्या जन्मी बांधव होते, त्या सर्वांना हे पाणी पोहोचो, अशा अर्थाचा श्लोक गुरुजींनी म्हटला आणि आमचा हात आपोआप पुढे झाला. ओंजळीतील पाणी अंगठ्याच्या बाजूने सुटले, तीळ मात्र तळव्याला चिकटून राहिले. काकांना वाटले, आजीसाठीच. पुढच्या भेटीत खलाशाने हे सांगितले तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "तिचं नाव घेतलंत का?" त्याने घेतले नव्हते. ती जिवंत असेल तर जिवंतपणी तिला पाणी सोडल्यासारखे होईल, अशी भीती त्याला वाटली होती. तो उरलेला सगळा वेळ त्या भीतीवरच बोलणे झाले. माझ्या मते ती आठ महिन्यांतील सर्वांत मोलाची भेट होती.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये घेतात. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. नोंदणीच्या फॉर्मवर नावासाठी एकच रकाना आहे. मॅडमनी त्याला कोरा कागद जोडून चौघांची नावे लिहून घेतली, पण छापील फॉर्मच बदलायला हवा. निदान आणि औषधे हे मानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे, हे त्या आधीच स्पष्ट करतात. घरच्यांना काय सांगायचे आणि काय नाही, हे त्या दर वेळी आम्हालाच विचारतात; मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. फोनवर वेळ ठरवणाऱ्या ताईंना मात्र आमच्याविषयी काही सांगितलेले नसते, त्यामुळे खलाशाने फोन केला की त्या दोनदा नाव विचारतात. येत्या गुरुवारची वेळ त्यानेच घेतली आहे आणि बहिणीला लिहिलेले पत्र तो सोबत नेणार आहे.