सोनौली की फुंत्शोलिंग: कुटुंबाला घेऊन कोणती सीमा ओलांडावी?

नाशिकरोडहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे; तिथून नेपाळची सोनौली सीमा रस्त्याने सुमारे 95 किमी. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधारवर विसंबू नका. भारतातली गाडी नेत असाल तर सीमेवरच भन्सारची (नेपाळी कस्टमची) पावती घ्या, राहायचे तेवढ्या दिवसांची. गर्दीत कुणी अडवलं नाही म्हणून तसेच पुढे गेलात, तर तपासणीत दंड बसतो. मुक्काम वाढला आणि मुदत टळली तरीही.

भूतानला पश्चिम बंगालमधलं हासीमारा स्टेशन, मग सीमेवरचं जयगाव, पलीकडे भूतानचं फुंत्शोलिंग. थिंफूकडे जायला परवाना हवाच. शिवाय माणशी दर रात्री 1200 रुपये शुल्क. चार मोठ्या माणसांना पाच रात्रींचे 24,000. 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं, त्यामुळे संध्याकाळी पोचलात तर परवान्याचं कार्यालय बंद मिळू शकतं.

या शुल्काने भूतानला गर्दी आवरायची आहे, ते रास्तच. पण दोन्ही बाजूंच्या छोट्या लॉजवाल्याला, जीपवाल्याला रोजचं गिऱ्हाईक मिळायला सोनौलीसारखी मोकळी वाटच हवी. मार्च 2020 ते सप्टेंबर 2022 फुंत्शोलिंगचं फाटक बंद होतं, तेव्हा जयगावची बाजारपेठ बसली होती.