मरीन प्लाय म्हणून घेतला आणि चार महिन्यांत केबिनचा फ्लोअर गेला

मे महिना आला की बोटी वर घ्यायची तयारी सुरू होते आणि प्रत्येक जण कामात दोन पैसे कुठे वाचतील ते बघत असतो, म्हणून हे आत्ताच लिहितोय. कोणा एकाचं जरी नुकसान टळलं तरी बरं वाटेल.

आमची लाकडी ट्रॉलर आहे, हर्णैची. २०२३ ला १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली तशी नेहमीसारखी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन शाकारली (पावसासाठी वरून झाकली). केबिनचा फ्लोअर दोन वर्षं कुरकुरत होताच, त्यात इंजिनरूमच्या झाकणाच्या कडेच्या फळ्या एवढ्या कुजलेल्या की स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. बाबांच्या मनात परत लाकडाच्याच फळ्या टाकायचं होतं पण सागाचा भाव विचारला आणि तो विषय तिथेच संपला. मिस्त्री म्हणाले मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) टाका, वरून फायबरचा थर (फायबरग्लास) मारू, बरीच वर्षं बघायला नको.

१९ एमएमच्या आठ बाय चारच्या पाच शीट लागणार होत्या, म्हणजे १६० स्क्वेअर फूट. ओळखीच्या दुकानात १३० रुपये फूट सांगितला, वीस हजार आठशे. इंजिनचं काम, जाळी, बंदीचे ६१ दिवस कमाई शून्य, त्यात हा खर्च. मग कोणीतरी दुसरं दुकान सुचवलं (नाव लिहीत नाही, विचारू पण नका), तिथे तोच माल ८२ रुपयांत. शेठ म्हणाले, "दादा, कंपनी नवीन आहे, जाहिरातीचा खर्च नाही म्हणून स्वस्त, माल तोच." शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं सरकारी मानक) चा ठळक छाप, आयएसआयचं चिन्ह, खाली लायसन्स नंबर, सगळं होतं. साडेसात हजार वाचतायत म्हटल्यावर मी फार विचारलं नाही. बिलाचं म्हणलं तर बोलले पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वाढेल, मग कच्च्या कागदावर 'प्लाय १९ एमएम ५ नग' एवढंच लिहून दिलं. मरीन हा शब्द त्यावर कुठेच नव्हता, ते घरी येईपर्यंत माझ्या लक्षात पण आलं नाही.

खरं तर तेव्हाच दोन गोष्टी दिसल्या होत्या. एक म्हणजे वजन. १९ एमएमची चांगली मरीन शीट चाळीस किलोच्या आसपास जाते, एकट्याला उचलायला जड पडते, आणि मी त्या पाचही शीट एकट्याने टेम्पोत टाकल्या. दुसरं म्हणजे चारी कडांना चॉकलेटी रंग मारलेला होता, मला वाटलं कड सील केलीय, चांगलं आहे. मिस्त्रींनी करवत चालवली तेव्हा आतलं लाकूड पांढरट आणि मऊ निघालं, मधल्या थरात एके ठिकाणी माझं करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी. मिस्त्री थांबले, म्हणाले हे बरोबर वाटत नाही. मी म्हणलं शेठनी गॅरंटी दिलीय, लावा. ते वाक्य अजून मला टोचतं, कारण चूक करणाऱ्याने केली पण थांबवायची संधी माझ्याकडे होती.

ऑगस्टला बोट पाण्यात गेली. दसऱ्याच्या आसपास झाकणाजवळ फ्लोअर फुगल्यासारखा वाटायला लागला, वर रबर मॅट चिकटवलेली त्यामुळे खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये रात्री जाळं ओढायच्या वेळेला आमचे तांडेलमामा (बोट चालवणारे) केबिनमधून बाहेर यायला निघाले आणि उजवा पाय मांडीपर्यंत खाली. खाली इंजिन चालू, पट्टा फिरतोय. वीतभर अंतराने पाय वाचला. नडगी सोलवटून निघाली, सात टाके पडले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं पण त्या पायाच्या विचाराने मला कितीतरी रात्री झोप नव्हती. ट्रिप अर्धी टाकून परत आलो, बर्फ आणि डिझेल वाया, ऐन सीझनला बोट नऊ दिवस उभी.

मॅट उपटली तर प्लायचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटत होते. जूनमधला एक कापलेला तुकडा घरी पडवीत होता, कोरडा, अगदी नव्यासारखा. मिस्त्रींच्या सांगण्यावरून तो जुन्या पातेल्यात चुलीवर उकळायला ठेवला. दहा मिनिटांत पाणी लालभडक झालं, म्हणजे वरचा तो लालसर रंगसुद्धा मारलेला होता, लाकडाचा नव्हताच. चाळीस मिनिटांत थर हाताने वेगळे झाले. आयएस ७१० ला ७२ तास उकळून चिकटपणा टिकावा लागतो, कारण त्यात फिनॉलचा गोंद असतो, आणि घरातल्या फर्निचरच्या स्वस्त प्लायमध्ये युरियाचा गोंद असतो जो गरम पाण्यात विरघळतो. आम्हाला तोच प्लाय छाप मारून विकला होता. मग बीआयएस केअर अॅपमध्ये (आयएसआय चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेचं अॅप) शीटवरचा तो लायसन्स नंबर, म्हणजे सीएम/एल नंबर, टाकून बघितला, तर तो दुसऱ्याच कंपनीचा आणि भलत्याच वस्तूचा निघाला. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि मी दुकानात उभा असताना मोबाईल माझ्या खिशातच होता.

दुकानात गेलो तर शेठ शांतपणे म्हणाले फायबर नीट मारलं नसणार, आणि मी मरीन दिला असं कुठे लिहिलंय? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं ते बिल. छापाचे फोटो घालून अॅपवरून तक्रार केली, पैसे काही परत मिळाले नाहीत.

स्क्रूचं पण तेच. एसएस ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील) म्हणून दिले, लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटत नाही बघा. पण २०२ चा स्वस्त स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि खाऱ्या पाण्यात त्याला लवकर गंज चढतो. आमच्या स्क्रूंची डोकी चार महिन्यांत तांबडी झाली होती.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा सगळीकडे महाग माल टाकला नाही, तेवढे पैसेच नव्हते. झाकणाभोवती, दरवाजापाशी आणि सुकाणूपाशी, जिथे ओले बूट आणि बर्फाचं पाणी येतं, तिथे खरा ७१०, दोन शीट. आणायच्या आधी दुकानदाराकडून चार इंचाचा तुकडा मागितला आणि घरी पाच तास उकळला, एक थर हलला नाही. झोपायच्या फळीखाली जिथे कोरडं राहतं तिथे आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (मरीनपेक्षा खालचा, पण उकळत्या पाण्याला तोंड देणारा प्लाय) चालला, तोही नंबर तपासून, पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घेऊन. कडांना आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात आधी पातळ इपॉक्सी, कारण प्लायमध्ये पाणी कडेतूनच शिरतं, वरून फायबर कितीही मारा. कोणीतरी डब्ल्यूपीसी बोर्ड (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला) सुचवला होता, पाण्याने सडत नाही हे खरं, पण आमच्या बीममधलं अंतर दीड फूट, माणूस उभा राहिला की वाकतो, म्हणून नाही घेतला. मॅट आता चिकटवत नाही, नुसती टाकतो आणि बंदरात आलो की उचलून वाळवतो.

दोन सीझन झाले, फ्लोअर घट्ट आहे. तांडेलमामा मात्र झाकणाच्या बाजूने जाताना अजून आधी अंगठ्याने दाबून बघतात, मगच पाय टाकतात.