मराठी ई-मेलसाठी कोणते सांकेतन: कोटेड-प्रिंटेबल, बेस६४ की यूटीएफ-७?

१९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे ई-मेल पोहोचवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत मजकुराचे प्रत्येक चिन्ह सात बिटांचे (० किंवा १ अशा सात अंकांचे) गृहीत धरले होते. त्यामुळे आठवा बिट वापरणारा मजकूर वाटेतल्या एखाद्या सर्व्हरवर विद्रूप होण्याची धास्ती कायम असे. असा मजकूर सात बिटांच्या साध्या अक्षरांत बदलून लिहिण्यासाठी (यालाच सांकेतन म्हणतात) ई-मेलच्या मजकुराचे स्वरूप ठरवणाऱ्या १९९२ च्या माइम मानकाने कोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४ असे दोन मार्ग दिले, तर १९९४ मध्ये त्याच कामासाठी यूटीएफ-७ पुढे आले. मराठी मेल पाठवणारी प्रणाली लिहिणाऱ्याला ही निवड आजही करावी लागते आणि ती डोळे झाकून करू नये.

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकात काना आणि हलन्त वेगळे मोजून त्याची १० चिन्हे होतात आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत ३० बाइट (आठ बिटांचे गट) होतात. कोटेड-प्रिंटेबल अशा प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह (=) आणि दोन षोडशमान अंक (० ते ९ किंवा A ते F) लिहिते, म्हणून हा एक शब्द ९० अक्षरांचा होतो. बेस६४ मध्ये तो ४० अक्षरांत, तर यूटीएफ-७ मध्ये अवघ्या २९ अक्षरांत मावतो.

विषयाच्या ओळीत हा फरक अधिक जाचक ठरतो. तिथल्या एका सांकेतिक तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असून एकही चिन्ह दोन तुकड्यांत विभागता येत नाही. यूटीएफ-८ चा उल्लेख आणि सीमाचिन्हे वगळता उरलेल्या ६३ जागांत कोटेड-प्रिंटेबलच्या धर्तीवरील पद्धतीने देवनागरीची ७ चिन्हे बसतात, बेस६४ ने १५. म्हणजे पहिल्या पद्धतीत ‘महाराष्ट्र’ शब्दाच्या मधोमध तुटतो, आणि तुकडे नीट न जोडणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये जोडाक्षराची मोडतोड होते.

कोटेड-प्रिंटेबल ज्यांच्यासाठी बेतले, त्या फ्रेंच किंवा जर्मन मजकुरात ते उत्तमच आहे, कारण बहुतेक अक्षरे जशीच्या तशी राहतात. इंग्रजी मेलमध्ये चार-दोन मराठी शब्द असतील, तर तेच निवडावे. निखळ मराठी मजकुरासाठी मात्र मी निःसंकोचपणे बेस६४ सुचवेन.

यूटीएफ-७ आटोपशीर असले, तरी नव्या मेलसाठी ते मुळीच वापरू नये. त्यात कोनी कंसासारखी चिन्हे वेष पालटून घातक मजकूर अडवणाऱ्या गाळणीतून निसटू शकतात आणि ब्राउझरमध्ये घातक स्क्रिप्ट चालवण्यासाठी याचा गैरवापर झालेला आहे. ते वाचण्याची सोय मात्र काढून टाकू नये, कारण सर्व्हरवरील मेल वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीत फोल्डरांची मराठी नावे याच सांकेतनाच्या किंचित बदललेल्या रूपात साठवण्याची पद्धत अनेक सर्व्हरांवर अजून चालू आहे.